दोघींची सायकल

माझी नजर एकदम गेली नाही, कडेकडेनं गेली. वर्गात शिकवताना फळ्याच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या मुली आधी दिसेनाशा झाल्या. मग दाराच्या चौकटी खांद्याला लागायला लागल्या. मला वाटायचं, धांदल होते आपली. शाळेतल्या बायकाही हसून म्हणायच्या, बाई, तुम्ही फार घाईत असता. मिरजेच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला तेव्हा बराचसा निकाल लागून गेला होता. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, थेंब झाले, गोळ्या झाल्या. आता उजेड आहे की अंधार एवढं कळतं. खिडकी कुठं आहे ते सांगू शकते, खिडकीत कोण उभं आहे ते नाही.

माझं माहेर सांगली शहरातलं, सासर इस्लामपूरजवळ, गावापासून थोडं लांब मळ्यात. घरची ऊसशेती. शेजारच्या गावातल्या शाळेत मी मराठी शिकवायचे आणि रोज सायकलवरून जायचे. नोकरी माझी मीच सोडली. दुसऱ्याच्या मदतीनं पेपर तपासणं मला जमलं असतं, पण वर्गात कोण मान खाली घालून बसलंय ते दिसल्याशिवाय शिकवणं मला जमेना.

घरात राहायला लागल्यावर मला सगळ्यात जास्त काय खुपलं असेल तर दंडाला धरून चालवणं. कुणीही यायचं, दंड पकडायचं आणि पुढे ढकलायचं. आमचे हे तर असे धरायचे की जणू मी काठोकाठ भरलेली घागर आहे. प्रेमानंच धरायचे. पण दिवसातून कितीदा माणसानं घागर व्हायचं?

धाकटी जाऊ आली ती अशातच. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, फौजेत. लग्नानंतर महिन्याभरानं तो हजर व्हायला गेला आणि ही मळ्यात राहिली. ती जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळलेली होती. चालायची तर पाय आपटत चालायची, हसायची तर गोठ्यापर्यंत ऐकू जायचं. पहिल्याच आठवड्यात तिनं मला गोठ्यातून घरी आणलं, तेव्हा तिच्या दोन्ही हातांत बादल्या होत्या. म्हणाली, "अक्का, माझं कोपर धरा आन् चला. माझं हात रिकामं न्हाईत." मी तिचं कोपर धरलं आणि तिच्या अर्धं पाऊल मागून चालत घरी आले. ती वळली की कोपर वळायचं, पायरी आली की कोपर वर उचललं जायचं. मला कुणी नेत नव्हतं, मी जात होते. पुढे कळलं की न दिसणाऱ्या माणसाला न्यायची खरी रीतच ही आहे. तिला ती बादल्यांमुळे सापडली होती.

दुपारी काम आटोपलं की ती फोन घेऊन माझ्याजवळ बसायची आणि काय काय दिसतंय ते सांगायची. एकदा अशीच बसली होती.

"अक्का, एक बाई हाय बगा. तिला दिसत न्हाई म्हणं. आन् मागं बसून पायडल मारतीया."

"कशाचं?"

"सायकलीचं वं. दोन सीटाची सायकल हाय. पुढं एक बसलीया, मागं ही."

"म्हणजे डबलसीट."

"डबलसीट न्हवं. डबलसीट म्हंजे मागचा फुकट बसतो. हितं मागचीलाबी पायडल हायेत."

मी म्हटलं, असेल बाई, परदेशात काय वाटेल ते असतं. ती म्हणाली, परदेश कशाचा, मागं एसटी उभी हाय. आणि गप्प झाली. ती गप्प झाली की पुढे काहीतरी होतं, हे तोवर मला माहीत झालं होतं.

आमच्याकडे दोन सायकली पडून होत्या. एक माझी शाळेची, एक सासऱ्यांची जुनी, जड, काळी. जावेनं दोन्ही ट्रॅक्टरमध्ये टाकल्या आणि मला शेजारी बसवून इस्लामपुरात उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका मिस्त्रीकडे नेलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वैनी, ह्येच्यावर ऊस किती टन भरायचा हाय?"

त्यानं केलेली पहिली सायकल ट्रॉलीसारखीच जड होती आणि तरीही तिसऱ्या दिवशी मधोमध खचली. आम्ही दोघी खळ्यावर बसल्या बसल्या खाली आलो. मिस्त्रीला वाईट वाटलं. त्यानं दुसऱ्या वेळी खालून जादा पाइप घातला, माझ्या हँडलला रबरी मुठी बसवल्या आणि पुढच्या पायडलांची साखळी मागच्याशी जोडली. म्हणजे पुढचीनं पाय थांबवले की माझेही थांबणार, तिनं जोर लावला की माझ्या तळपायाला कळणार. ब्रेक पुढं. घंटी मात्र मी मागून घेतली, काहीतरी माझ्या ताब्यात असावं म्हणून.

सासूबाई सगळं बघत होत्या. त्या अडवतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "धार काढून झाल्यावर जावा. आन् जाताच हाय तर डेअरीला दूध घिऊन जावा."

तेव्हापासून आमच्या दोन सीटांच्या मधल्या दांड्याला दोन बाजूंना दुधाच्या किटल्या लटकायला लागल्या. गावानं आमच्याकडे फार दिवस टक लावून पाहिलं नाही त्याचं कारण त्या किटल्याच असणार. दोन बायका हौसेनं सायकल फिरवतायत म्हटलं असतं तर पारावर विषय झाला असता. दूध घालायला चालल्यात म्हटल्यावर कोण काय बोलणार?

शिकताना पडलो. पहिल्यांदा नीट पडलो ते पाटात. मळ्याच्या रस्त्यावर एका ठिकाणी पाण्यानं कड खचली होती. जावेला ते दिसलं, तिनं हँडल वळवलं, मी नेमका उलट्या बाजूला झोक दिला आणि आम्ही, सायकल, दोन किटल्या सगळं पाण्यात. पाटाला त्या दिवशी गार पाणी सोडलेलं होतं. आधी ती हसली. मग मी हसत नाही हे बघून थांबली.

"लागलं का वं अक्का?"

"लागलं नाही. तू सांगितलं का नाहीस?"

"सांगायला येळ कुटं हुता?"

"मला वळण डोळ्यांनी कळत नाही गं. तू तोंडानं सांगितल्याशिवाय मला ते आहे हे कसं कळणार?"

तिथंच पाटाच्या कडेला, ओल्या कपड्यांनिशी, आम्ही शब्द ठरवले. खड्डा म्हणजे खड्डा. रस्त्यात उंचवटा असला की 'उडी'. डावं, उजवं, थांब. आणि एक गोष्ट मी तिला निक्षून सांगितली. चढ आला की ती नेहमी म्हणायची, "आलंच आता, अक्का, आलंच." कधीच आलेलं नसायचं. मी त्या भरवशावर सगळा जोर खर्चून बसायचे आणि पुढे चढ तसाच. मी म्हटलं, "हे बंद. लांब असलं तर लांब म्हण. मला धीर देऊ नकोस, माहिती दे."

"बरं," ती म्हणाली. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं ते फक्त दुधाचं.

आमच्या ह्यांनी मात्र धसका घेतला होता. बोलायचे नाहीत. एका सकाळी आम्ही डेअरीवरून पुढे पेठच्या रस्त्याला लागलो आणि माझ्या कानाला मागून ओळखीचा आवाज आला. आमच्या मोटरसायकलचा सायलेन्सर फाटका होता, तो आवाज मी हजारात ओळखला असता. आवाज जवळ येत नव्हता, लांबही जात नव्हता.

मी जावेला म्हटलं, "मागं तुझे भावजी आहेत का?"

तिनं वळून पाहिलं. "हायेत की."

"त्यांना सांग, पुढं तरी जा म्हणावं, नाहीतर घरी तरी जा."

आम्ही थांबलो. ते जवळ आले. म्हणाले, "म्या डिझेल आणाय चाललोय."

"मग क्यान कुटाय भावजी?" जावेनं विचारलं.

ते गाडी दामटत पुढे निघून गेले. त्या दिवशी त्यांनी खरोखर कुणाचा तरी कॅन मागून घेऊन डिझेल आणलं.

सातारचं आमंत्रण आलं ते मिरजेहून. डोळ्यांचा दाब तपासायला मी अधूनमधून जाते. तिथं रुग्णांशी बोलणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना मी आमच्या सायकलचं सांगितलं होतं. त्यांनी फोन केला की साताऱ्याची काही सायकलवाली मंडळी हिवाळ्यात यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारापर्यंत जाणार आहेत आणि त्यात या वेळी अपंग माणसांनाही घेणार आहेत. स्पर्धा नाही, नंबर नाही, फक्त चढायचं.

घरात विषय निघाला. आमचे हे म्हणाले, "घाट हाय त्यो. हितं आपलं सगळं सपाट."

"म्हणून तर जायचं," मी म्हटलं.

"पडला तर?"

जाऊ म्हणाली, "पडलो तर हितंबी पडतोच की भावजी."

सराव करायला आमच्याकडे चढ म्हणजे हायवेवरच्या पुलाचे उतार-चढ. गळिताचा हंगाम सुरू झालेला, रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या. म्हणून आम्ही पहाटे उजाडता उजाडता जायचो, वजनासाठी किटल्यांत दुधाऐवजी पाणी भरून, पूल चढायचो, उतरायचो, पुन्हा चढायचो. पायांना जोर येत चाललेला मला कळत होता. रात्री झोप गाढ लागायची. डोळे गेल्यापासून माझी झोप बिघडली होती, दिवस आणि रात्र यांच्यातला फरकच कमी झाला होता. आता अंग दमायचं आणि आपोआप रात्र व्हायची.

साताऱ्याला आम्ही टेम्पोतून गेलो. सायकल मागं बांधलेली, पुढं ड्रायव्हर, जाऊ आणि मी. आमचे हे आले नाहीत. तोडणीची टोळी आली होती, तेव्हा मळा सोडून जाता येत नाही, हे खरं कारण होतं. बघवणार नाही, हे दुसरं. सकाळी गारठा इतका की हँडलची मूठ धरवत नव्हती. माणसं जमत होती, चाकांचे, टाळ्यांचे, चहाच्या पेल्यांचे आवाज. माझ्या बाजूला एक गृहस्थ होते, वाईचे. त्यांचे दोन्ही पाय लहानपणीच गेलेले, हातांनी फिरवायची तीनचाकी सायकल होती. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही मागे बसून मधेच झोप तर काढत नाही ना?"

मी म्हटलं, "साखळी एकच आहे. मी झोपले तर पुढचीला कळतं."

"माझ्या मागं कुणी नाही," ते म्हणाले, "तरी बायको म्हणते मी झोपतो." आणि हसत पुढे निघाले. त्यांचे हात ज्या लयीत चालत होते ती लय मला बराच वेळ ऐकू येत होती, मग ती पुढे कुठेतरी वळणाआड गेली.

समर्थ मंदिराच्या पुढे चढ सुरू झाला तो थेट मांड्यांत भरायला लागला. पुलाचा चढ संपतो. हा संपत नव्हता. जाऊ ठरल्याप्रमाणे बोलत होती. "उजवं, मोठं वळण. चढ लांब हाय. खड्डा न्हाई. पुढं एक गाडी येतीया, कडंनं घेते." डाव्या बाजूला दरी असावी, तिकडून वारा मोकळा येत होता आणि खालच्या शहराचा आवाज हळूहळू बारीक होत चालला होता. उजवीकडे डोंगर. तिकडचा आवाज बंद खोलीसारखा जवळून परत यायचा. वळण घेतलं की दोन्ही बाजू बदलायच्या. मला घाटाचा आकार कळायला लागला होता. मला मजा येत होती.

मग माझ्या तळपायाला काहीतरी वेगळं लागलं. आमच्या सायकलवर पुढचीचा प्रत्येक पाय मला साखळीतून कळतो. उजवा पाय येत होता, पूर्ण. डावा येत होता तो पोकळ. नुसता फिरत होता, त्यात जोर नव्हता. तो जोर माझ्या पायावर येत होता.

"तुझा डावा पाय काय करतोय?" मी विचारलं.

"काय न्हाई. घाम आलाय."

"पायाला?"

आणखी एक वळण गेलं. डावा आणखी पोकळ झाला. मग ती "थांब" म्हणाली आणि थांबली. उतरताना तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी तिच्याकडून कधी ऐकला नव्हता. ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. मी सायकल धरून उभी राहिले.

"गुडगा," ती म्हणाली. "जुना हाय. कबड्डीत गेल्याला. मदनं मदनं निसटतोय."

"कधीपासून दुखतोय?"

"पूल चढायला लागल्यापासनं."

म्हणजे कित्येक आठवडे. मी तिला रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याबद्दल खरं सांगायला लावलं होतं आणि तिनं सांगितलंही होतं. फक्त स्वतःच्या पायाबद्दल काही म्हणाली नव्हती.

मागून माणसं येत होती, थांबत होती, विचारत होती. एक बाई थांबल्या. आवाजावरून पन्नाशीच्या, सातारा शहरातल्या. त्या एकट्या आपल्या सायकलवर होत्या. त्यांनी जावेचा गुडघा पाहिला, मदतीसाठी मागून येणाऱ्या गाडीला फोन केला. मग मला म्हणाल्या, "तुमची हरकत नसेल तर मी पुढे बसते. माझी सायकल गाडीत टाकता येईल. मी अशी दोघांची सायकल कधी चालवलेली नाही, हे मात्र आधीच सांगते."

मी म्हटलं, "नको, आम्ही गाडीतूनच येतो."

तेव्हा जाऊ दगडावरून ओरडली, "काय म्हणून? अक्का, जावा तुमी. एवढं पूल चढलो ते काय टेम्पोत बसायला?"

"तू?"

"मी येते की गाडीतनं. जावा म्हणते न्हवं!"

मी गेले. त्या बाईंना मी रस्त्याच्या कडेलाच शिकवलं. निघताना उजवं पायडल वर, मी 'हं' म्हटल्यावर दोघींनी एकदम दाब द्यायचा, पाय थांबवायचा असला तर आधी बोलायचं. पहिल्यांदा आम्ही डगमगलो, दुसऱ्यांदा निघालो. मागून जावेच्या टाळ्या ऐकू आल्या. जोरात, शिट्टीसकट.

थोडं पुढे गेल्यावर बाईंनी विचारलं, "काय काय दिसतंय ते सांगू का तुम्हाला? खाली सगळं धुकं आहे, आणि अजिंक्यताऱ्याचा माथा तेवढा..."

"ते वर गेल्यावर सांगा," मी म्हटलं. "आत्ता चढ किती राहिलाय ते सांगा."

"अजून बराच आहे," त्या म्हणाल्या.

मला फार बरं वाटलं. मी श्वास लांब केला आणि त्या बराचच्या हिशोबानं पाय मारायला लागले. बाई चांगल्या चालवत होत्या. त्यांचे पाय जावेसारखे धसमुसळे नव्हते, एकसारखे यायचे, शिवणयंत्रासारखे. यवतेश्वर आलं, तिथं आम्ही पाणी प्यालो. पुढचा रस्ता वर-खाली होता आणि वारा तोंडावर. कासला पोचलो तेव्हा माझे पाय लटपटत होते, बैठकीची जागा सोलून निघाली होती आणि भूक अशी लागली होती की उभ्या उभ्या चक्कर येईल असं वाटलं.

वर माईक लावलेला होता. एक गृहस्थ मला पुढे नेऊन माझ्या गळ्यात हार घालत होते आणि डोळस माणसांनी माझ्याकडून काय शिकावं ते सांगत होते. मला लघवीला जायचं होतं. ते मी त्या बाईंच्या कानात सांगितलं. त्यांनी भाषण चालू असतानाच मला तिथून काढलं. मला वाटतं, त्या दिवशी माझ्यासाठी कुणी केलेलं सगळ्यात चांगलं काम ते.

परत माईकपाशी आलो तेव्हा जावेची गाडी वर पोचली होती. जाऊ सतरंजीवर पाय लांब करून पिठलं-भाकरी खात होती. मी तिच्या शेजारी बसले. तिनं माझ्या हातात ताट दिलं, भाकरी कुठं, कांदा कुठं ते सांगितलं, आणि मग म्हणाली, "पोचला न्हवं?"

"पोचले."

एवढंच. बाकीचं बोलणं टेम्पोत झालं, साताऱ्याहून परत येताना. ड्रायव्हरनं गाणी लावली होती ती मी बंद करायला लावली.

"गुडघ्याचं मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुमी मागं बसला असता का?"

"नसते बसले."

"मग?"

"मग काय? आणखी बिघडला असता म्हणजे?"

"बिघडलाच की," ती म्हणाली.

कऱ्हाड मागं पडल्यावर तिनं नाक ओढल्याचा आवाज आला. मी तिचा हात शोधला.

"दुखतोय का?"

"दुखतोय. पर त्याचं न्हाई. तुमी त्या बाईसंगं गेला न्हवं, तवा मी टाळ्या वाजवल्या. आन् तुमी वळणाआड गेल्यावर मला लय रडाय आलं. मी बसवलं तुमाला सायकलीवर, आन् वर न्हेलं दुसरीनंच."

तिला बरं वाटावं म्हणून मी म्हणू शकले असते की त्या बाईंना काही जमत नव्हतं, तुझ्याशिवाय मजा आली नाही. पण बाईंना चांगलं जमत होतं आणि मजाही आली होती. मी म्हटलं, "मला वर जायचंच होतं. आणि तू 'जा' म्हणाली नसतीस तर गेले नसते. दोन्ही खरं आहे." तिनं हात काढून घेतला नाही. पेठनाका येईस्तोवर ती माझ्या खांद्यावर झोपून गेली होती.

मिरजेला दाखवलं. गुडघ्याच्या आतला एक पट्टा तुटलेला निघाला, आधीच अर्धा तुटलेला असणार म्हणाले. दीर रजा काढून आला. ऑपरेशन झालं. दवाखान्यात सासूबाई राहिल्या आणि त्यांनी परत आल्यावर पहिली तक्रार केली ती तिथल्या चहाची. जावेची कबड्डी बंद झाली. डॉक्टरांनी सायकल मात्र करायलाच सांगितली, आधी जागच्या जागी, मग रस्त्यावर. आम्ही आमची सायकल मागचं चाक उचलून लाकडी घोडीवर ठेवली आणि ती रोज गोठ्याच्या सावलीत बसून पाय फिरवायची. मला मागं बसायला लावायची, म्हणायची, एकटीनं कट्टाळा येतो. कुठंही न जाता आम्ही दोघी तासन्‌तास सायकल चालवली. पहिल्यांदा तिचा डावा पाय पूर्ण जोरानं आला तो मला तळपायातून कळला. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "माजं मला कळायच्या आधी तुमाला कसं कळतं वं?"

पुढच्या वर्षी दिराची बदली झाली आणि राहायला क्वार्टर मिळालं. ती त्याच्याकडे गेली. जावंच. नवीन लग्न झालेली पोर किती दिवस मळ्यात राहणार? जायच्या आदल्या दिवशी आम्ही डेअरीला गेलो आणि नेहमीसारखे परत आलो. निरोपाचं काही बोललो नाही. ती गेल्यावर सायकल पडवीत उभी राहिली. सासूबाईंना दुधाची पंचाईत झाली. त्यांनी एका सकाळी ह्यांना म्हटलं, "तू का बसत न्हाईस पुढं? पाय हायेत न्हवं तुला?"

आमचे हे पुढे बसले. त्यांना दम लागायचा. तंबाखू खाणारं माणूस, सगळी फिरस्ती मोटरसायकलवर. डेअरीपर्यंत जाऊन यायला पहिले काही दिवस दोनदा थांबायचे, थांबण्याचं कारण कधी साखळी, कधी चप्पल. आणि बोलायचे नाहीत. खड्डा येऊन गेल्यावर म्हणायचे, "खड्डा हुता." मी भांडले. मग त्यांनी स्वतःची एक रीत काढली. काहीही आलं की नुसतं "हं" म्हणायचे. खड्डा असो, वळण असो, म्हैस असो. मी म्हटलं, एका 'हं'वरून मी काय ओळखायचं? पण हळूहळू ओळखायला लागले. खड्ड्याचा 'हं' आखूड, वळणाचा लांब, म्हशीचा वैतागलेला.

या हिवाळ्यात आम्ही दोघं साताऱ्याला जाऊन आलो. कासपर्यंत काही गेलो नाही. यवतेश्वरला पोचेपर्यंत ह्यांचा भाता असा चालायला लागला की मीच "बस" म्हटलं. देवळाजवळ चहा प्यालो, भजी खाल्ली. मग परत फिरलो. घाट उतरायचा होता. मागच्या खेपेला मी चढले होते, पण उतरले होते गाडीतून. उतार मला नवीन होता.

ह्यांनी ब्रेक दाबून धरलेले. इतके की रबराचा वास यायला लागला. चाकं कुरकुरत, थांबत थांबत फिरत होती. माझ्या पायांना काही कामच नव्हतं, तोंडावर वारा येत होता तोही अडखळत. पडायची भीती त्यांना होती, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही वाटली असती. दोन वळणं अशीच गेली. मग रस्ता सरळ झाला असावा, कारण दोन्ही बाजूंचे आवाज बराच वेळ जागेवर राहिले.

त्यांनी मान वळवून विचारलं, "पुढं रिकामं हाय सगळं. सोडू का?"

"सोडा," मी म्हटलं.

त्यांनी ब्रेक सोडले. सायकल सुटली. पदर खोचलेला होता तो निसटून मागं फडफडायला लागला, कानात वाऱ्याशिवाय काही राहिलं नाही, आणि पुढून ह्यांचा आवाज आला तो 'हं' नव्हता. ते चक्क ओरडत होते. काय ओरडत होते ते वाऱ्यात कळलं नाही. खाली साताऱ्यात आल्यावर मी विचारलं तर म्हणाले, मी कशाला ओरडू?

ब्रेकची रबरं मात्र पार झिजली होती. पोवई नाक्याजवळ एका दुकानात ती बदलून घेतली आणि मग टेम्पोत सायकल चढवली.